जेलरसाहेबांचं उलटं खुराडं

माझे भावोजी एकतीस वर्षं तुरुंगात होते. नव्या माणसाशी त्यांची ओळख करून देताना मी मुद्दाम असंच सांगते. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो आणि भावोजींचा तर त्याहून. "शिपाई म्हणून, शिपाई म्हणून," ते घाईघाईनं सांगतात. शिपाई म्हणून लागले, हवालदार होऊन निवृत्त झाले. जेलर ते कधीच नव्हते, पण आमच्या गल्लीनं त्यांना परस्पर जेलर करून टाकलं आणि त्यांनीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. फुकटची बढती कोण नाकारतं?

नोकरी सुटली, पण कमरेचा जुडगा सुटला नाही. घराला कुलपं दोन, पुढचं आणि मागचं. जुडग्यात चाव्या सतरा. बाकीच्या पंधरा कशाच्या, हे त्यांनाही सांगता येत नाही. जेवायला बसण्याआधी घरातली प्रत्येक कडी हलवून बघणार, खिडकीचे गज मुठीत धरून ओढून बघणार, मगच ताटाला हात लावणार. घरात माणसं दोन, ते स्वतः आणि माझी ताई. यातलं पळून कोण जाणार आहे, हे मी त्यांना कैकदा विचारलंय.

मी शिवणकाम करते, जास्त करून शाळेचे गणवेश. माझं घर त्यांच्या घराला लागून, मधे कमरेएवढी भिंत, आणि माझं मशीन बरोबर त्यांच्या परसाकडच्या खिडकीत. त्यामुळे त्यांच्या संसारात माझं नाक कायम खुपसलेलं असतं असं भावोजी म्हणतात. खोटं नाही. पण मी नाक खुपसलं नसतं तर पुढचं सगळं तुम्हाला सांगितलं कुणी असतं?

ताई कोर्टात टायपिस्ट होती. तिच्या हाताचा मोठा दरारा होता. वकिलाचं वाक्य संपायच्या आत हिचं पान संपलेलं असायचं. गेल्या वर्षी एका सकाळी केस विंचरताना तिच्या हातातून कंगवा पडला, आणि उचलायला गेली तर उजवा हात पुढे येईना. पक्षाघाताचा झटका, पण सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. स्वतःला आलेला नसला की सगळेच झटके सौम्य असतात. बोलणं परत आलं, पाय परत आला, हात तेवढा राहिला. "वापरला तर येईल, नाही वापरला तर जाईल," असं डॉक्टरांनी अगदी सरळ सांगितलं होतं.

ताईनं तो हात मांडीवर ठेवून दिला, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो दुसऱ्या दिवशी कपाटाखाली गेला आणि ताईनं कुणाला काढू दिला नाही. सगळं डाव्या हातानं. त्यात भावोजी म्हणजे सेवेला हजर. बटण लावून दे, घास तोडून दे, पान उलटून दे. मी चिडायचे, "भावोजी, तुम्ही तिचा हात घालवणार आहात," पण त्यांना तिची धडपड बघवायची नाही आणि तिला ती कुणी बघितलेली खपायची नाही. दोघं मिळून तो हात विसरायला निघाली होती.

म्हणून आठ कोंबड्या मीच आणल्या. काही ठरवून नव्हे. एक गिऱ्हाईक घर सोडून चाललं होतं, त्यांना कोंबड्या कुणाला तरी द्यायच्या होत्या. मी त्या टोपलीत घालून ताईच्या परसात सोडल्या आणि म्हटलं, चार दिवस ठेव, मग बघू. दुसऱ्या दिवशी मशीनवरून मान वर केली तर ताई पायरीवर बसलेली, डाव्या हातात धान्याचा डबा आणि दाणे टाकतेय उजव्या हातानं. डबा धरायला एक हात अडकला की टाकायला दुसरा लागतोच ना! दाणे पायापाशीच पडत होते, पण पडत होते. मी मशीन थांबवलं आणि तोंडावर हात धरून रडले. मग महिनाभरात ती अंडी गोळा करायला लागली. पहिल्या आठवड्यात तीन फुटली, दुसऱ्यात एक. कोंबड्यांना तिनं नावं ठेवली, मास्तरीण, चक्रम, ठेंगणी, बडबडी, अशी. सगळ्यात आगाऊ होती तिला माझं नाव दिलं होतं. ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि मग मुंगूस आलं.

मुंगूस रात्री येत नाही, भर दिवसा येतं, दुपारी सगळे पेंगत असताना. एका आठवड्यात तीन कोंबड्या गेल्या. माझ्या नावाची पहिली गेली. तिसरी गेली तेव्हा पिसं ताईनंच गोळा केली, डाव्या हातानं. दुसऱ्या दिवशी ती परसात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खिडकीतून मला तिचा उजवा हात दिसत होता, पुन्हा मांडीवर.

भावोजींनी ते पाहिलं होतं. एरवी बोलताना घसा साफ करणारा माणूस त्या दिवशी भिंतीपाशी येऊन नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "मी असं बांधतो की मुंगूस काय, त्याचा बापसुद्धा हात लावणार नाही."

पैसे फारसे नव्हते. पेन्शनचा मोठा वाटा औषधांतच जात होता, तेव्हा विकत काही आणायचं नाही असं ठरलं. भावोजी भंगारवाल्याकडे गेले आणि पाडलेल्या घरांच्या दाराच्या चौकटी घेऊन आले. बंद पडलेल्या एका रोपवाटिकेतून कोंबड्यांना लावतात तसली पातळ षटकोनी जाळी मिळाली, गुंडाळ्याच्या गुंडाळ्या, फुकट. काम दहा दिवस चाललं. तोवर पाच कोंबड्या न्हाणीघरात. आंघोळीला माझ्या घरी यायला लागायचं दोघांना, आणि भावोजी आंघोळीला जातानाही न्हाणीघराची कडी हलवून बघून जायचे.

बांधकाम बघायला गल्ली लोटली. बघण्यासारखंच होतं. चौकटींचे खांब, त्यांच्या आतल्या अंगाला जाळी, वाकवलेल्या खिळ्यांनी ठोकलेली. वरचा दीड फूट भाग आत कललेला. खालची जाळी जमिनीखाली आतल्या बाजूला वळवून पुरलेली, भुयार खणायला नको म्हणून. दाराला डोळ्यांच्या उंचीवर सरकती झडप, आत डोकावायला. कोंबड्यांच्या पायांत प्लॅस्टिकच्या कड्या, एक ते पाच. ताईला हे मुळीच आवडलं नाही.

"चक्रमला चार नंबर?" ती मागच्या दारातून म्हणाली. दहा दिवसांत पहिल्यांदा ती दारापर्यंत आली होती.

"नोंदीसाठी," भावोजी म्हणाले.

"कसली नोंद? तिला काय सुटका द्यायचीय?"

मी सुईत दोरा ओवता ओवता हसले आणि सुई बोटात घुसली. पण बरं वाटलं. ताई टोमणे मारायला लागली की समजावं, गाडी रुळावर येतेय. त्या संध्याकाळी कोंबड्या न्हाणीघरातून नव्या वास्तूत हलवल्या आणि भावोजींनी दाराला कुलूप लावलं. चावी गेली जुडग्यात, अठरावी.

पाचव्या दिवशी दुपारी बडबडी गेली.

मी धावत गेले तर मुंगूस निघून गेलेलं होतं. खालच्या एका कोपऱ्यात खिळे उपटून आत पडले होते आणि जाळी पडद्यासारखी लोंबत होती. भावोजी तो कोपरा हातात धरून बसले होते. मागच्या दारात ताई उभी होती.

"येत्या रविवारी पाव द्यायला पाववाली येईल," ती म्हणाली. "तिच्याकडे कोंबड्या आहेत, जागा आहे. या चार तिला देऊन टाका."

"अगं, एवढा कोपरा नीट केला की..."

"मला आता परत पिसं वेचायला लावू नका." आणि ती आत गेली.

तो दिवस बुधवार होता. मी कोंबड्यांसाठी घाबरले नव्हते, खोटं कशाला बोलू? मी त्या हातासाठी घाबरले होते. चार कोंबड्या गेल्या की तो हात पुन्हा बाहेर काढायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, भावोजींकडेही नव्हतं, आणि डॉक्टरांचं वाक्य आम्हा दोघांना पाठ होतं.

गुरुवारी सकाळी भावोजी गल्लीच्या टोकाच्या वेल्डरला घेऊन आले. हा वेल्डर म्हणजे भावोजींच्याच बराकीतला जुना पाहुणा. घरफोडीसाठी दोनदा आत जाऊन आलेला. वेल्डिंग तुरुंगाच्या कारखान्यात शिकला, बाहेर येऊन दुकान टाकलं, आता अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांचे गज यानंच बसवलेत आणि लोक निर्धास्त झोपतात. भावोजींना अजून साहेब म्हणतो.

त्यानं खुराड्याला एक फेरी मारली. जाळी चाचपली, झडप सरकवून बघितली, वरच्या कललेल्या भागाकडे बराच वेळ बघितलं.

"साहेब, झकास बांधलंय," तो म्हणाला. "इथून एक कोंबडी पळून जाणार नाही."

"मग?"

"पण पळून कोण चाललंय?"

भावोजींनी घसा साफ केला.

"कोंबडीला बाहेर यायचंच नाहीये, साहेब. तिला आत दाणा आहे, पाणी आहे. आत यायचंय ते दुसऱ्याला. थांबा, मी आता मुंगूस." आणि पन्नाशीचा तो गडी खरंच चार पायांवर झाला, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मी मशीन सोडून भिंतीवर कोपरं टेकली. असला तमाशा कोण सोडणार?

"हे बघा. मी बाहेरून ढकलतो." त्यानं डोक्यानं जाळी रेटली, खिळे आत टपाटप पडले. "जोर ज्या बाजूनं येणार, जाळी त्या बाजूला पाहिजे. बाहेरून लावा. मग मी जितकं रेटीन तितकी ती खांबावर दाबली जाईल. आता ती नुसती खिळ्यांच्या टोकावर उभी आहे." तो रांगत पुढे सरकला. "ही भोकं. माझी दोन बोटं जातात, म्हणजे याचं डोकं जायला किती वेळ? आणि डोकं गेलं की अंग जातंच, हा माझा अनुभव आहे."

"तुझा अनुभव माझ्याकडे फायलीत आहे," भावोजी म्हणाले.

"वरचा हा आत वाकवलेला भाग म्हणजे मांजराला पायरी. वर आकाश उघडं, घारीला आमंत्रण. आणि खाली जाळी आत पुरलीत. ती बाहेर पाहिजे. दोन फूट, जमिनीवर आडवी, उभ्या जाळीला जोडून. वर माती आणि विटा. मुंगूस नेहमी उभ्या जाळीच्या पायाशी उकरतं. खाली जाळी लागली की बाजूला सरकून पुन्हा पायाशीच उकरतं. दोन फूट मागं जाऊन खणायची अक्कल त्याला नाही."

"तुला होती?"

"होती ना, साहेब. म्हणून तर दोनदा आत आलो." तो उठला आणि गुडघे झटकत म्हणाला, "तुम्ही खुराडं उलटं बांधलंय."

वेल्डर गेल्यावर भावोजी भिंतीपाशी आले. "एकतीस वर्षं मी आतल्यांवर नजर ठेवली गं," ते मला म्हणाले. "बाहेरून आत यायला कुणी धडपडत असेल, हे डोक्यातच आलं नाही." मला त्यांची चेष्टा करायची होती, दोनतीन वाक्यं जिभेवर तयारही होती, पण त्यांचा चेहरा बघून मी ती गिळली आणि विचारलं, विटा किती लागतील?

चार कोंबड्या पुन्हा न्हाणीघरात गेल्या आणि तीन दिवस मी, भावोजी आणि वेल्डर राबलो. विकत आणली ती फक्त अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड जाळी आणि स्क्रू. जुनी पातळ जाळी वाया घालवली नाही, ती दुहेरी करून छताला ताणली. स्क्रूखाली घालायला वॉशर हवे होते, तर मी सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं गोळा केली आणि मधोमध भोकं पाडली. जाळीला पकड अशी बसली की ओढून सुटेना. चौकटी उलट्या फिरवल्या, जाळी बाहेरून लावली, दोन फूट पट्टी जमिनीवर पसरून तिच्यावर विटा मांडल्या. वेल्डरनं एका बाजूला जुन्या खिडकीची लोखंडी चौकट बसवली, आतली घाण काढताना ती आख्खी बाजूला घेता यावी म्हणून. तिला सहा नट, हातानं फिरवायचे, दोन कानांचे. आणि ते आतून. "बाहेरच्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही," वेल्डर म्हणाला, आणि भावोजींनी ते वाक्य पुढे महिनाभर स्वतःचं म्हणून वापरलं.

रविवारी दुपारी पाववाली टोपली घेऊन आली. ताईनं तिला बसवलं. मी आतून उकळत होते, पण बोलायची सोय नव्हती. कोंबड्या पकडायला भावोजी उठतच नव्हते, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते.

तेवढ्यात मुंगूस आलं. त्याला काय माहीत आज रविवार आहे. भिंतीवरून उतरलं, थेट त्याच कोपऱ्यावर गेलं आणि डोकं लावलं. जाळी हलली नाही. पुन्हा लावलं. मग उकरायला लागलं. विटेच्या फटीतून माती उडवली, खाली जाळी लागली, एक वीत बाजूला सरकलं, पुन्हा उकरलं, पुन्हा जाळी. अशी त्यानं तीन बाजूंनी फेरी मारली. छतावर चढलं, उतरलं. आम्ही चौघं पायऱ्यांवर श्वास रोखून. आत मास्तरीण मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होती आणि चक्रम शांतपणे दाणे टिपत होती. अर्ध्या तासानं मुंगूस विटांवर बसलं, पाय चाटले आणि निघून गेलं.

"मी मग पुढच्या रविवारी येऊ का?" पाववालीनं विचारलं.

"पाव घेऊन या," ताई म्हणाली. "टोपली नको."

भावोजी नाडी तशीच सोडून उठले आणि वेल्डरला सांगायला धावले.

इथं गोष्ट संपली असती तर मी सुखानं गणवेश शिवत बसले असते. पण भावोजींचा स्वभाव! खुराडं झालं, कुलूप झालं, आणि चावी त्यांच्या कमरेला. सकाळी सातला उघडणार तेच, मोजणार तेच. ताईनं आत जायचं ते त्यांच्या सोबत. अंडी फुटू नयेत म्हणून अंडी तेच उचलणार. ती दाणे टाकायला लागली की डबा तेच धरणार. डबा त्यांनी धरला की ताईचा डावा हात मोकळा, आणि डावा मोकळा झाला की उजव्याला रजा. महिनाभर हे चाललं. मुंगूस बाहेर राहिलं, कोंबड्या चारच्या चार राहिल्या, आणि हात मात्र आमच्या देखत मांडीवर परत निघाला. मी बोलले. भावोजी म्हणाले, "पडली बिडली म्हणजे?" ताईनं डबा त्यांच्या हातात दिला. त्याचाच मला जास्त राग आला.

मग तो सोमवार. भावोजींना पेन्शनच्या कार्यालयात जायचं होतं, आपण जिवंत आहोत हे तिथं स्वतः जाऊन दाखवावं लागतं. नवा शर्ट घातला, खुराडं उघडलं, ताई आत गेली. ठेंगणी अंड्यांवरून उठेना म्हणून ताई अंडी घालायच्या खोक्यामागे वाकून तिला बघत होती. भावोजी दाराशी उभे. घड्याळ बघितलं, झडपेतून मोजलं, एक, दोन, तीन, चार. कुलूप लावलं, कडी हलवून बघितली आणि गेले. एकतीस वर्षांची सवय ती. मोजायचं, लावायचं, निघायचं.

ताईनं हाका मारल्या. माझ्या मशीनच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही. पाऊण तासानं दोरा तुटला म्हणून मी मान वर केली आणि बघते तर माझी बहीण कोंबड्यांच्यात, गुडघ्यांवर बसलेली.

मी भिंत ओलांडून गेले. "ताई! थांब, मी वेल्डरला आणते, कुलूप तोडतो तो!"

"आणलंस तर बघ," ती म्हणाली. कपाळावरून घाम वाहत होता. "तिथंच उभी राहा आणि बोलू नकोस."

लोखंडी चौकटीचे पाच नट तिनं डाव्या हातानं काढले होते. ते समोर ओळीनं मांडून ठेवले होते. सहावा खालच्या कोपऱ्यात, अंड्यांच्या खोक्याच्या मागे. डावा हात तिथं वळत नव्हता, मी नंतर स्वतः आत बसून बघितलंय, नाहीच वळत. खोकं हलवू द्यायला ठेंगणी तयार नव्हती, टोचत होती. जात होता तो फक्त उजवा.

तिनं तो हात आत घातला. बोटं नटावर ठेवली, घसरली. पुन्हा ठेवली. नट बाहेरून फिरवायची सोय नव्हती, मी जाळीच्या या बाजूला उभी राहून फक्त बघू शकत होते, आणि देवाशपथ सांगते, आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. ती त्या नटाला कोर्टात कधी न ऐकलेल्या शिव्या देत होती, की कोर्टातच ऐकलेल्या, कोण जाणे. एक पाव वेढा. मग थांबायची. मग अजून एक. मधे एकदा तिनं डोकं जाळीला टेकलं आणि मला वाटलं, संपलं. तर म्हणाली, "फिरतोय गं. थोडा थोडा फिरतोय."

नट खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. आतून खांद्यानं रेटल्यावर चौकट सहज बाहेर आली, कारण सगळी ताकद आता बाहेरच्याला थोपवायला लावलेली होती. आधी मास्तरीण बाहेर पडली, तिच्यामागून ताई. तिनं मला मिठी मारली, दोन्ही हातांनी. उजव्यात जोर नव्हता फार, पण तो माझ्या पाठीवर होता, आणि मी इतकी मोठ्यानं रडले की चक्रम घाबरून छतावर गेली.

भावोजी दुपारी आले. परसात चौकट आडवी, खुराडं रिकामं, कोंबड्या गवतात. त्यांचं तोंड पांढरं पडलं. बोटानं मोजायला लागले.

"चार आहेत," ताई पायरीवरून म्हणाली. "सकाळीही तुम्ही चारच मोजल्यात. मी आत होते, मला मोजलंच नाहीत."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग कुलपाकडे. मग त्यांना समजलं. "तू... मी तुला..." एवढंच. मग त्यांनी चौकटीकडे बघितलं आणि विचारलं, "हा खालचा कुणी काढला?"

ताईनं उजवा हात वर केला. बोटं काळी झाली होती, एक सोललं होतं.

भावोजी नव्या शर्टासकट मातीत बसले. तो हात दोन्ही हातांत घेतला आणि हुंदके देऊन रडले, लहान पोरासारखे, गल्लीतलं कोण बघतंय याची पर्वा न करता. "मीच बंद करून ठेवलं होतं गं तुला," ते म्हणत होते, "मीच." ताईनं त्यांना थोडा वेळ रडू दिलं. तेवढा हक्क होता तिचा. मग हात सोडवून घेतला आणि तळवा पुढे केला.

"चावी द्या."

जुडग्यातून ती काढायला त्यांना फार वेळ लागला. मी मदत केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मशीनवर बसले होते. खुराडं ताईनं उघडलं. भावोजी सवयीनं आत शिरले मोजायला. ताईनं मागून दार ओढलं, कुलूप अडकवलं आणि उजव्या हातानं चावी फिरवायला लागली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा टक्कन आवाज आला तो माझ्या खिडकीपर्यंत. ती वळली आणि घरात निघून गेली.

"अगं ए! मी आत आहे!"

"माहितीय!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुम्हाला धरून पाच मोजलेत!"

चौकट आदल्या संध्याकाळीच परत बसवली होती आणि नट त्यांच्या हाताशी होते, सहाच्या सहा. दोन मिनिटांत बाहेर येता आलं असतं. पण तिथून पळायचं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. त्यांनी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि वाट बघत राहिले. वीस मिनिटांनी ताई आली, उजव्या हातात चहाचा कप धरून. अर्धा वाटेतच सांडला होता आणि बशी नव्हतीच. तिनं कप विटेवर ठेवला, कुलूप उघडलं, त्याच हातानं कप पुन्हा उचलला आणि आत गेली. भावोजींनी मदतीला पुढे केलेला हात मागे घेतला, आणि कप त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत बादलीवर गप्प बसून राहिले.